अस्मानी आणि सुलतानी : दख्खनच्या आपत्तींचा इतिहास

मराठीने आपत्तीचे वर्गीकरण दोन शब्दांत उरकले आहे : अस्मानी आणि सुलतानी. आकाशातून कोसळते ती अस्मानी, राज्यकर्त्याकडून येते ती सुलतानी. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले, पण भाषेत ते इतके मुरले की त्यांचे परकेपण आता कोणाला जाणवत नाही. संस्कृत ग्रंथकारांच्या याद्या याहून लांब आहेत. कौटिल्याने अर्थशास्त्रात अग्नी, पूर, रोगराई, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशू, साप आणि राक्षस अशी आठ महाभये सांगितली. पुढे रूढ झालेल्या सहा ‘ईतीं’च्या यादीत अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर आणि पोपट यांच्यानंतर सहावे स्थान मिळाले ते सीमेजवळ येऊन ठेपलेल्या राजांना. राजाला टोळ आणि उंदरांच्या पंक्तीस बसविणारा तो श्लोककर्ता कोण होता हे कळत नाही. मात्र पिकाच्या शत्रूंची त्याची जाण पक्की होती. मराठी शब्दप्रयोगाने ही लांब यादी आवरती घेतली आणि सहाव्या ईतीला पहिल्या पाचांच्या बरोबरीचे वजन दिले.

हा शब्दप्रयोग मुळात कवींचा नाही, हिशेबनिसांचा आहे. मक्त्याच्या आणि मामलतीच्या कागदांत ‘अस्मानी सुलतानी’ झाल्यास वसुलात सूट मिळण्याची अट असे. पाऊस न पडल्याने पीक बुडाले काय किंवा फौजेने ते तुडविले काय, ज्याच्याकडून सारा घ्यायचा त्याच्या हाती काही उरलेले नाही, एवढेच त्या अटीला म्हणायचे होते. नुकसान कोणाच्या खात्यावर मांडायचे, हा तिचा प्रश्न. पुढील शतकांत हाच प्रश्न हिशेबाच्या वहीतून बाहेर पडून न्यायाचा प्रश्न झाला आणि दख्खनच्या दुष्काळांचा इतिहास त्याच्याभोवती घडत गेला. आज रूढ असलेल्या ‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दात जोडीतला दुसरा शब्द गळून पडला आहे. त्यामुळे आपत्तीकडे पाहताना निम्मा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे थोड्याच कोसांत ओसरतो. पुण्याच्या पूर्वेकडील तालुके, अहमदनगर, सोलापूर, माणदेश, विजापूर हा सारा पर्जन्यछायेचा पट्टा. येथे पावसाची सरासरी सांगून फारसे काही हाती लागत नाही. सर्व काही तो केव्हा पडतो यावर असते. मृगाने दगा दिला तरी हस्ताच्या आशेवर शेतकरी तग धरतो. हस्तही कोरडा गेला की रब्बीची ज्वारी जाते आणि मग वर्षभर वाट पाहण्यावाचून दुसरे काही उरत नाही. भूकंप, पूर आणि वादळ यांच्यापासून दुष्काळ वेगळा पडतो तो या संथपणामुळे. पूर घर नेतो, माणूस वाचला तर पुन्हा घर बांधतो. दुष्काळ घराच्या भिंतींना हात लावीत नाही. तो घरातील वस्तू एकामागून एक बाहेर काढतो. आधी बायकांच्या अंगावरचे किडूकमिडूक आणि तांब्यापितळेची भांडी सावकाराकडे जातात. मग गुरे, कारण माणसाला धान्य मिळाले तरी गुरांना कडबा मिळत नाही आणि मरण्यापूर्वी ती कवडीमोलाने विकावी लागतात. त्यानंतर बियाणे पोटात जाते. बियाणे संपले म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस आला तरी त्याचा उपयोग नाही, आणि बैल नसल्याने बियाणे मिळूनही उपयोग नाही. शेवटी जमीन गहाण पडते. माणूस मरतो तो बहुधा यानंतर, आणि पुष्कळदा उपासमारीने नव्हे तर तिच्या मागून आलेल्या पटकीने वा हिवतापाने. म्हणून दुष्काळाचे बळी मोजणे नेहमीच अवघड गेले आहे, आणि ते कमी करून सांगणे नेहमीच सोपे.

या पट्ट्यातील जुन्या दुष्काळांची आठवण लोकांनी नावांनी जपली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि परंपरेप्रमाणे बारा वर्षे टिकलेला दुष्काळ ‘दुर्गादेवीचा’ म्हणून ओळखला गेला. त्याच्याविषयी नावापलीकडे खात्रीचे फार थोडे हाती लागते. १६३० ते १६३२ या दुष्काळाची गोष्ट निराळी आहे, कारण तो अनेक बाजूंनी नोंदला गेला. १६३० मध्ये गुजरात आणि दख्खन येथे पाऊस आला नाही; पुढच्या वर्षी काही भागांत तो इतका आला की उभे पीक कुजले. कोरड्या दुष्काळामागून ओला, असा हा फेरा होता. ‘पादशाहनामा’ लिहिणारा अब्दुल हमीद लाहोरी हा बादशाहाचा अधिकृत इतिहासकार. धन्याच्या राज्यात सर्व आलबेल आहे असे लिहिणे हे त्याचे काम. तरीही भाकरीच्या मोलाने जीव विकायला निघालेल्या माणसांचे, पिठात मिसळलेल्या हाडांच्या चुऱ्याचे आणि नरमांसभक्षणाचे वर्णन त्याला करावे लागले. त्याच सुमारास पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्यास गेला. वाटेवरची प्रेते आणि ओस गावे त्याच्याही रोजनिशीत आहेत. दरबारी लेखणी आणि परक्या व्यापाऱ्याची लेखणी येथे एकमेकींची साक्ष देतात.

या काळात शाहजहान स्वतः बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. निजामशाही आणि तिच्या आश्रयास गेलेला खानजहान लोदी यांच्याविरुद्धची मोहीम चालू होती. मुमताजमहल १६३१ मध्ये तेथेच वारली. बादशाहाने लंगर उघडले. सोमवार हा त्याच्या राज्यारोहणाचा वार, म्हणून दर सोमवारी ५,००० रुपये वाटण्याचा हुकूम झाला आणि वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले गेले. खालसा मुलखातील सुमारे ७० लाखांचा सारा सोडण्यात आला. ही औदार्याची नोंद खरीच आहे. पण दख्खनवर चालून आलेली फौजही त्याच आटलेल्या मुलखाच्या आसपास पोसली जात होती, हेही तितकेच खरे. इकडे पुण्याची कथा याहून कठोर. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने त्याच सुमारास पुणे जाळले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरविला अशी परंपरा सांगते. आकाशाने जे ठेवले ते फौजेने नेले. समर्थ रामदासांच्या स्फुट रचनांत ‘अस्मानी सुलतानी’ या नावाचेच एक प्रकरण असावे, यात नवल नाही.

देहूच्या एका वाणी कुटुंबाची वाताहत याच दुष्काळाने केली. तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा या काळात गेला, दुकान बुडाले, दिवाळे निघाले. आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी हे इतक्या थोड्या शब्दांत सांगितले आहे की अभ्यासक ते वैराग्याची पूर्वपीठिका म्हणून वाचतात आणि पुढे जातात. तेथे जरा थांबायला हवे. द्रव्य गेले आणि मान गेला, या दोन गोष्टी ते एका श्वासात सांगतात आणि मग अन्नासाठी आक्रंदत गेलेल्या पत्नीचा उल्लेख येतो. दिवाळखोर माणसाला गावात तोंड दाखविण्याची लाज वाटते, हे दुष्काळाच्या कोणत्याही सरकारी अहवालात सापडत नाही. परंपरा असेही सांगते की, वडिलोपार्जित सावकारीची खते भावाशी वाटून घेतल्यावर आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडविली. या कथेचा अर्थ बहुधा भक्तीच्या अंगाने लावला जातो. पण ज्या वर्षांत अर्धा मुलूख कर्जात बुडाला होता, त्या वर्षांत धनकोने आपण होऊन कर्जाचे कागद पाण्यात टाकले, हा तिचा साधा अर्थही काही कमी मोलाचा नाही.

दुष्काळाची दुसरी मोठी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. प्रसंग पंधराव्या शतकातला, बिदरच्या बहमनी सत्तेचा. ती आज वाचली जाते ती मुख्यतः महिपतीच्या १७६२ मधील ‘भक्तविजया’तून. सरकारी कोठारांवरचा अधिकारी असलेले दामाजी बादशाहाची परवानगी न घेता कोठारे उघडून भुकेल्यांना धान्य वाटतात. बिदरहून पकडण्याचे फर्मान सुटते. ते दरबारात पोहोचण्याआधी विठ्ठल महाराचे रूप घेऊन तेथे जातो, सारी रक्कम मोजून देतो आणि पावती घेतो. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. धान्य आहे, कोठार भरलेले आहे. दाराशी माणसे मरत आहेत आणि मध्ये उभा आहे तो फक्त हुकूम. लोकमानसाने येथे अस्मानीला नव्हे, सुलतानीला प्रश्न विचारला. शिवाय देवालाही पावती घ्यायला लावली, कारण हिशेब पुरा झाल्यावाचून दामाजी सुटणार नाही, हे त्या मानसाला ठाऊक होते. भरल्या कोठारासमोरची उपासमार हे दुष्काळाचे मर्म अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालचा दाखला घेऊन अर्थशास्त्राच्या भाषेत मांडले; कीर्तनकाराच्या श्रोत्याला ते अगदीच अनोळखी नव्हते.

मराठी राज्यात या बाबतीत दोन्ही टोके दिसतात. प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास १६७६ मध्ये शिवाजी महाराजांकडून गेलेल्या पत्रात, ज्या कुणब्यापाशी बैल नाही त्याला बैल द्यावा, पोटाला धान्य द्यावे आणि मुद्दल तेवढे त्याची ऐपत येईल तसे हळूहळू उगवून घ्यावे, असे बजावलेले आहे. वर सांगितलेला नुकसानीचा क्रम ज्याला माहीत होता त्याचे हे पत्र आहे. बैल वाचला तर पुढचे वर्ष वाचते, हे त्याला कळत होते. याउलट १८०३–०४ च्या दुष्काळाचा पाया माणसांनीच घातला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला; नंतरच्या महिन्यांत होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी मुलूख साफ केला आणि त्यावर १८०३ चा परतीचा पाऊस आला नाही. हा दुष्काळ अस्मानी म्हणावा की सुलतानी, हे ठरविणे त्या काळच्या कोणा कुळकर्ण्यालाही जमले नसते.

१८७६ मध्ये मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलले. तोपर्यंत दख्खनमध्ये आगगाडी आली होती, तारायंत्र आले होते आणि देशातले धान्य हव्या त्या दिशेला नेणे शक्य झाले होते. त्या वर्षी मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात, मद्रास इलाख्यात, म्हैसुरात आणि निजामाच्या राज्यात पाऊस गेला. प्रशांत महासागरावरील ‘एल निनो’ आणि भारतातील मोसमी पावसाची ओढ यांचा संबंध आता अभ्यासकांनी उलगडला आहे आणि १८७७ चा ‘एल निनो’ फार मोठा होता. म्हणजे अस्मानी कारण खरेच होते. पण दोन वर्षांत सुमारे ५० लाखांहून अधिक माणसे मेली आणि त्या काळात देशातून धान्याची निर्यात चालू राहिली. व्यापारात हात घालावयाचा नाही, हे व्हाइसरॉय लॉर्ड लिटनचे तत्त्व होते. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करण्यासाठी दिल्लीत दरबार भरला तेव्हा सोलापूर आणि विजापूरकडील माणसे गावे सोडून वाटेला लागली होती.

या प्रकरणातील सर्वांत बोलके पात्र सर रिचर्ड टेंपल. १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून वाटला आणि मृत्यू जवळजवळ होऊ दिले नाहीत. त्याबद्दल त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रासच्या दौऱ्यावर पाठविल्यावर त्याने तो डाग धुऊन काढण्याचे मनावर घेतले. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा, हे त्याने ठरविलेले प्रमाण ‘टेंपल वेतन’ म्हणून इतिहासात कुप्रसिद्ध झाले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचा देह एवढ्यावर टिकत नाही, हे मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी लिहून कळविले. मुंबई इलाख्यात मजुरांनी ते शरीराने कळविले : हजारोंनी कामे सोडली आणि ते घरी परतले. दुष्काळात कामावर बहिष्कार घालणे म्हणजे मृत्यूच्या तोंडी उभे राहून भाव ठरविणे होय. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने गावोगाव माहिती गोळा केली, सरकारला निवेदनांमागून निवेदने धाडली, आकड्यांना आकड्यांनी उत्तर दिले. महाराष्ट्रातील नेमस्त राजकारणाला मवाळ म्हणून हिणविणाऱ्यांनी ही निवेदने वाचलेली नसतात.

याच वर्षीचे आणखी एक पत्र मराठीत उरले आहे. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना ते लिहिले. वर्ष सरले तरी दुष्काळ सरला नाही, गुरे चाऱ्यावाचून जमिनीवर कोसळत आहेत, माणसे गाव सोडीत आहेत, सावकार संधी साधीत आहेत आणि सत्यशोधक कार्यकर्ते मदतीसाठी राबत आहेत, असा त्याचा आशय. पत्रात कोठेही दीनवाणेपण नाही. कामाच्या गर्दीतून घरच्या माणसाला दिलेली ती खबर आहे, आणि म्हणूनच लाहोरीच्या अलंकृत वर्णनापेक्षा ती अधिक जवळची वाटते. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला, ज्यासाठी जोतीरावांनी मे १८७७ मध्ये मदतीचे आवाहन केले. सहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी ताली आणि बंधारे घालून माती व पाणी अडविण्याचा आग्रह धरला, त्यामागे हा अनुभव होता हे विसरून चालणार नाही.

मालमत्तेच्या बाजूने पाहिले तर या दुष्काळाची एक गाठ त्याच्या आधीच्या वर्षाशी बांधलेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि दंगा पसरत गेला. बहुतेक ठिकाणी माणसे मारली गेली नाहीत. जाळली गेली ती खते. तुकोबांनी जे इंद्रायणीत बुडविले ते अडीचशे वर्षांनंतर ऋणकोंनी आगीत टाकले. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यानंतरचा, आणि त्याच वर्षी रामोश्यांना हाताशी धरून उठलेले वासुदेव बळवंत फडके हेही दुष्काळी मुलूख पायी हिंडून आलेले होते.

सरकारनेही धडा घेतला, आपल्या पद्धतीने. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळ संहितेचा पाया घातला : टंचाई केव्हा जाहीर करावयाची, कामे केव्हा काढावयाची, सारा केव्हा तहकूब करावयाचा, याचे नियम झाले. आपत्तीतील राज्याचे कर्तव्य प्रथमच कलमांत उतरले आणि कलमांत उतरलेली गोष्ट मागता येते, हे टिळकांनी ओळखले. १८९६–९७ च्या दुष्काळात ‘केसरी’ने शेतकऱ्यांना संहितेतील हक्क मराठीत समजावून सांगितले, सभेचे कार्यकर्ते गावोगाव गेले आणि परिणामी १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. त्याच वेळी मुंबईहून प्लेग आला आणि दुष्काळाची हकीकत प्लेगच्या हकीकतीखाली झाकली गेली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळातून आणलेल्या मुली केडगावच्या ‘मुक्ती’त वाढल्या. हरि नारायण आपट्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट लिहिली. ‘काळ’ या शब्दात वेळ आहे, मृत्यू आहे आणि दुष्काळही आहे. मराठी कथेला तिच्या बाल्यावस्थेतच इतका नेमका मथळा सापडावा हे तिचे भाग्य, विषय मात्र दुर्भाग्याचा.

१९७२ चा दुष्काळ अनेकांना अजून आठवतो. त्याची कसोटी सोपी आहे : धान्याचे उत्पन्न नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले, तरी १८७७ सारखी प्रेते पडली नाहीत. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खोदले, नाल्यांना बांध घातले. परदेशातून आलेली मिलो ज्वारी नाके मुरडीत खाल्ली. सुकडीने मुले जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे कायदा झाला, १९७९ मध्ये तो अमलात आला आणि शहरी नोकरदारांच्या व्यवसायकरातून तिला पैसा मिळाला. वहीतील खाते अशा रीतीने बदलले. गुरे मात्र १९७२ मध्येही गेलीच, आणि गुरांबरोबर पुष्कळांची शेती. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ मध्येच ‘बनगरवाडी’च्या अखेरीस दाखविले होते की, एकही माणूस न मरता एक अख्खी वाडी मरू शकते.

भूकंपाच्या बाबतीत तरी सुलतानीचा प्रश्न येऊ नये, असे वाटणे साहजिक आहे. दख्खनच्या दोन भूकंपांनी तो येथेही आणला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले, दीडशेहून अधिक माणसे मेली. आणि धरणाच्या पाण्याचा भार व जमिनीतील हालचाल यांच्या संबंधाचे हे जगातील ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ तेव्हापासून त्याचा अभ्यास करीत आले आहेत. जलाशय १९६२ पासून भरू लागला होता आणि लहान धक्केही त्यानंतर वाढले होते.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसे घरात झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. दुष्काळात जो क्रम असतो तो येथे पुष्कळ ठिकाणी उलटला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या, मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही त्या भागातील सुस्थित घराची खूण. उन्हाळ्यात थंड राहणारी ती घरे त्या पहाटे आतल्या माणसांवर कोसळली. ज्यांच्या डोक्यावर कुडाचे वा पाचटाचे छप्पर होते, त्यांतील कितीतरी जण बाहेर आले. ऑगस्ट १९९२ पासून त्या गावाला लहान धक्के बसत होते, ऑक्टोबरात ते वाढले आणि धास्तावलेली माणसे काही दिवस उघड्यावर झोपली. पुढे धक्के ओसरले आणि ती पुन्हा माळवदाखाली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या अधिकृत नकाशात लातूर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत होते. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा पहिली श्रेणीच रद्द करण्यात आली आणि लातूर तिसऱ्या श्रेणीत गेले.